ताऱ्याच्या शेजारची भिंत

सूर्याला भिंत नाही. स्वतःच्याच वजनाने तो स्वतःला आवळून धरतो. त्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश सेल्सिअस, घनता पाण्याच्या दीडशे पट आणि दाब आपल्या वातावरणाच्या अब्जावधी पट. तिथे हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, हेलियम तयार होतो आणि सुटलेली ऊर्जा हजारो वर्षं झिरपत झिरपत पृष्ठभागावर येते. भोवती सगळी पोकळी. या आगीची झळ लागून वितळेल असं जवळपास काहीच नाही.

माणसाने हीच आग पृथ्वीवर पेटवायचं मनावर घेतलं तेव्हा निसर्गात कुठेही नसलेली एक वस्तू त्याला लागणार होती. पेटत्या ताऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहील, वर्षानुवर्षं टिकेल आणि पाठीमागून वाहणाऱ्या पाण्याला आपली उष्णता देत राहील, अशी भिंत. केंद्रकांच्या या संमीलनाच्या बातम्यांत तापमानाचे विक्रम असतात, सेकंदांचे आणि ज्यूलचे आकडे असतात. भिंतीचं नाव क्वचित येतं. मला मात्र या सगळ्या उद्योगातलं सर्वांत मोठं आश्चर्य त्या भिंतीतच दिसतं, आणि सर्वांत अवघड प्रश्नही तिथेच अडले आहेत.

भिंतीकडे जाण्याआधी आग थोडी समजून घ्यायला हवी. सूर्य फार सावकाश जळतो. त्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटरमध्ये जेमतेम पावणेतीनशे वॅट उष्णता तयार होते. तेवढ्याच आकारमानाचा हिशेब धरला तर माणसाचं शरीर त्याहून जास्त उष्णता निर्माण करतं! सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. आपल्याला इतका धीर धरता येणार नाही आणि सूर्यासारखं वजनही आपल्यापाशी नाही. म्हणून पृथ्वीवर इंधन वेगळं निवडलं गेलं, हायड्रोजनची दोन जड समस्थानिकं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. तापमानही वाढवावं लागलं. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, सुमारे पंधरा कोटी अंश.

या जोडीचं मिलन झालं की हेलियमचं केंद्रक आणि एक मोकळा न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि १.७६ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. आकडा नुसता वाचून काही कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कलम इथल्या ‘जेट’ या यंत्राने एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढ्या इंधनातून ६.९ कोटी ज्यूल ऊर्जा मिळवली. विजेच्या मीटरच्या भाषेत सुमारे १९ युनिट, आणि तीही पाच-सव्वापाच सेकंदांत. इंधन चिमटीत धरायचं म्हटलं तरी बोटांना जाणवणार नाही इतकं. ड्युटेरियम तर समुद्रातच आहे, दर घनमीटर पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम. ट्रिटियमची गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

इतक्या तापमानाला अणू अणू राहत नाही. इलेक्ट्रॉन सुटे होतात, केंद्रकं उघडी पडतात आणि विद्युतभारित कणांचा एक उसळता वायू तयार होतो. हाच प्लाझ्मा. कोणत्या तापमानाला किती अणू असे फुटतील याचं गणित १९२० साली मेघनाद साहांनी मांडलं आणि त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लागला. प्लाझ्मातले कण विद्युतभारित असल्यामुळे त्यांना चुंबकाचं म्हणणं ऐकावं लागतं. ते चुंबकीय रेषांभोवती वेटोळे घेत रेषांच्या बाजूने धावतात. रेषा कंकणाकृती पोकळीत गोल फिरवून बंद केल्या, तर कण धावत राहतील आणि भिंतीला टेकणार नाहीत. १९५०च्या आसपास इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव यांनी मॉस्कोत मांडलेल्या या कल्पनेतूनच टोकामॅक जन्माला आला.

तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, आता फार लांब नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद जिनिव्हात भरली. तिचे अध्यक्ष होते मुंबईहून आलेले होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याची पद्धत पुढच्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केलं. बलाढ्य देशांचं या विषयावरचं काम तेव्हा पडद्याआड चाललं होतं, आणि ट्रॉम्बेचं अणुऊर्जा केंद्र नुकतं कुठे उभं राहत होतं. अशा देशातल्या माणसाने हे जगासमोर उघडपणे बोलावं यात मोठं धाडस होतं. भाभांनी दिलेली मुदत केव्हाच उलटून गेली. पण त्या उशिराचं कारण समजून घेतलं की भाकीत करणाऱ्यावर हसू येत नाही, प्लाझ्माबद्दलचा आदरच वाढतो.

कारण प्लाझ्मा पिंजऱ्यात बसून राहत नाही. त्याचे स्वतःचे विद्युतप्रवाह असतात, स्वतःचं चुंबकत्व असतं. पिंजरा त्याला आकार देतो आणि तोही पिंजऱ्याचा आकार बदलतो. आत भोवरे उठतात, मोठ्या भोवऱ्यांत लहान भोवरे, आणि उष्णता गणितात बसणार नाही इतक्या वेगाने बाहेर गळते. पहिली कित्येक वर्षं जगभरच्या यंत्रांनी हाच पराभव पाहिला. मग १९६८ साली नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितलं की त्यांच्या टी-३ टोकामॅकमध्ये इलेक्ट्रॉनांचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात पोहोचलं आहे. पश्चिमेकडच्या शास्त्रज्ञांना ते खरं वाटेना. शीतयुद्ध ऐन भरात असताना आर्त्सिमोविच यांनी कलमच्या ब्रिटिश चमूलाच मॉस्कोत बोलावलं. त्या चमूने कित्येक टन उपकरणं सोबत नेली, लेसरचा झोत प्लाझ्मातून सोडला, विखुरलेल्या प्रकाशावरून तापमान काढलं आणि १९६९ साली जाहीर केलं की रशियनांचा आकडा बरोबर आहे. त्यानंतर जगभर टोकामॅक उभे राहू लागले. शास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर पडताळण्यांमध्ये मी हिची गणना करीन. दोन्ही बाजूंनी आपला मोठेपणा बाजूला ठेवून मोजमापाला शेवटचा शब्द दिला.

१९८२ साली जर्मनीतल्या गार्शिंग इथे फ्रिट्झ वाग्नर ‘आस्डेक्स’ यंत्रावर काम करत असताना आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडली. उष्णता देण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे वाढवताच प्लाझ्मा एकाएकी शांत झाला. त्याच्या कडेला काही सेंटीमीटर जाडीचा एक पट्टा तयार झाला, त्यात भोवरे विरले आणि उष्णता दुपटीने जास्त वेळ आत टिकू लागली. कोणी असं यंत्र आखलं नव्हतं. प्लाझ्माने स्वतःच आपल्याभोवती अदृश्य तट उभारला. आज प्रत्येक मोठ्या टोकामॅकची आखणी या अवस्थेच्या भरवशावर होते.

आणि इथेच भिंतीची गोष्ट सुरू होते. तटाच्या आत दाब साचत जातो, मग तो अधूनमधून फुटतो. हजारांश सेकंदात उष्णतेचा लोंढा बाहेर येतो आणि समोरच्या धातूवर आदळतो. लहान यंत्रांत हे चालून जातं. मोठ्या यंत्रात अशा मोजक्याच उद्रेकांनी धातूचा पृष्ठभाग वितळू शकतो. सॅन दिएगोतल्या ‘डीथ्रीडी’ टोकामॅकवर असं दिसून आलं की कडेच्या चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम बारीकशी खोट निर्माण केली, तर दाब साचायच्या आधीच हळूहळू सुटत जातो आणि उद्रेक थांबतात. इतक्या काटेकोरपणे बांधलेल्या पिंजऱ्याला वाचवण्यासाठी त्यात मोजूनमापून दोष ठेवायचा, ही कल्पना सुचणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

उद्रेक थांबले तरी रोजची उष्णता उरतेच. संमीलनातून तयार होणारा हेलियम आपली ऊर्जा प्लाझ्माला देतो आणि मग नुसती राख म्हणून उरतो. ती राख सतत काढून टाकली नाही तर आग विझेल. म्हणून टोकामॅकच्या तळाशी डायव्हर्टर नावाचा भाग असतो. चुंबकीय रेषा वळवून प्लाझ्माची कड तिथे नेली जाते आणि राख, अशुद्धी, उरलेली उष्णता असं सगळं तिथे उतरवलं जातं. अडचण अशी की ही उष्णता काही मिलिमीटर रुंदीच्या अरुंद पट्ट्यावर पडते. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे उभ्या राहणाऱ्या ‘ईटर’ या महायंत्राच्या डायव्हर्टरवर दर चौरस मीटरला १ कोटी वॅट इतका मारा अखंड होईल, थोड्या वेळासाठी त्याच्या दुप्पटही. भर दुपारच्या उन्हात आपल्या अंगणात दर चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट पडतात. म्हणजे हे दहा हजार दुपारींचं ऊन एकाच जागी. खुद्द सूर्याच्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला ६.३ कोटी वॅट बाहेर पडतात. आपण त्या पृष्ठभागाच्या एक षष्ठांश ते एक तृतीयांश तेज एका धातूच्या ठोकळ्यावर पाडणार आहोत, आणि त्याच ठोकळ्याच्या पोटातून पाण्याची नळी नेणार आहोत.

असा धातू कोणता? पहिलं उत्तर धातूचं नव्हतंच, ते कार्बनचं होतं. ग्रॅफाइट वितळत नाही, अतितप्त झालं तर थेट वाफ होतं. शिवाय कार्बनचा अणू हलका असल्यामुळे चुकून प्लाझ्मात गेला तरी फार नासधूस करत नाही. कित्येक वर्षं मोठ्या टोकामॅकांच्या भिंती कार्बनच्या फरश्यांनी मढवलेल्या होत्या. पण कार्बनला हायड्रोजनची ओढ आहे, आणि ती ओढ म्हणजे तर सगळं सेंद्रिय रसायनशास्त्र! प्लाझ्मातले हायड्रोजनचे कण कार्बनला कुरतडतात, त्याची संयुगं बनवून नेतात आणि सावलीच्या कोपऱ्यात थर बनून बसतात. १९९७ साली ‘जेट’मध्ये ट्रिटियम वापरून १.६ कोटी वॅटचा त्या काळचा विक्रम झाला, पण आत सोडलेल्या ट्रिटियमचा मोठा हिस्सा अशा थरांत अडकून पडला. किरणोत्सारी आणि अतिशय दुर्मीळ इंधन भिंतच गिळू लागली तर वीजकेंद्र चालणार कसं? म्हणून २००९ ते २०११ या काळात ‘जेट’ची संपूर्ण आतली भिंत उतरवून तिथे बेरिलियम आणि टंगस्टनच्या हजारो फरश्या बसवल्या गेल्या. दुरून चालवलेल्या यांत्रिक हातांनी ते काम केलं. दुसऱ्या खोलीत बसलेल्या चालकाच्या हाताला आतल्या यंत्राच्या बोटांचा स्पर्श जाणवावा अशी त्यांची रचना होती.

टंगस्टन निवडण्याचं कारण उघड आहे. सर्व धातूंत त्याचा वितळणबिंदू सर्वांत उंच, ३,४२२ अंश सेल्सिअस. हायड्रोजन त्यात फारसा मुरत नाही आणि प्लाझ्माच्या माऱ्याने त्याचे अणू सहजी उडत नाहीत. पण उडालेच तर? टंगस्टनच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन असतात. पंधरा कोटी अंशांतही ते सगळेच्या सगळे सुटत नाहीत, आणि जे उरतात ते क्ष-किरण बाहेर टाकत प्लाझ्माची उष्णता पळवून नेतात. प्लाझ्मात दर लाख कणांमागे दोन-चार टंगस्टन अणूंहून जास्त झाले की आग धरेनाशी होते. म्हणजे ज्या धातूने तारा सांभाळायचा, त्याच धातूची चिमूटभर धूळ ताऱ्याला विझवू शकते.

यावर शोधलेली युक्ती मला विलक्षण वाटते. डायव्हर्टरजवळ मुद्दाम नायट्रोजन, निऑन किंवा आर्गॉन वायू सोडायचा. गाभ्यात जी अशुद्धी घातक, तीच कडेला उपयोगी पडते. हे वायू चमकतात, येणारी उष्णता प्रकाशाच्या रूपात चहूकडे उधळतात आणि अरुंद पट्ट्यावर पडणारा मारा विस्तीर्ण भिंतीवर पसरतो. नीट जमलं तर प्लाझ्मा धातूला स्पर्श करायच्या आधीच थंड होऊन पुन्हा साधा वायू बनतो. प्रमाण चुकलं तर तोच थंडावा वर सरकून गाभा विझवतो. त्यामुळे वायूची झडप प्रयोग चालू असतानाच क्षणाक्षणाला मोजून उघडावी-मिटावी लागते.

टंगस्टनच्या तक्रारी तिथे संपत नाहीत. थंड असताना तो ठिसूळ असतो. सुमारे हजार अंशांवर तापलेल्या टंगस्टनवर हेलियमचा सौम्य मारा सुरू ठेवला, तर पृष्ठभागाखाली बुडबुडे साचतात आणि काही तासांत चकचकीत धातूवर नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची काळी लव उगवते. कॅलिफोर्नियातल्या आणि जपानमधल्या प्रयोगशाळांनी हे पाहिलं तेव्हा कुणालाच त्याची अपेक्षा नव्हती. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन इथे ‘मॅग्नम-पीएसआय’ नावाचं यंत्र आहे. तिथे टोकामॅक नाही, एका सरळ नळीतून प्लाझ्माचा झोत येतो आणि समोर धरलेल्या नमुन्यावर डायव्हर्टरइतकाच मारा करतो. पूर्ण तारा न पेटवता ताऱ्याची फक्त एक कड तयार करून धातूची परीक्षा घेण्याची ही सोय.

आणि तरीही टंगस्टन जिंकतोय. ‘ईटर’च्या मूळ आराखड्यात डायव्हर्टर टंगस्टनचा आणि बाकीची आतली भिंत बेरिलियमची होती. बेरिलियम हलकं आणि प्लाझ्माशी जुळवून घेणारं, पण १,२८७ अंशांना वितळणारं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी. नव्या आराखड्यात तिथेही टंगस्टनच आला. कादाराशमध्येच ‘ईटर’च्या शेजारी ‘वेस्ट’ नावाचा फ्रेंच टोकामॅक आहे. टंगस्टनच्या भिंतीसमोर प्लाझ्मा किती काळ धरता येतो, हे पाहण्यासाठीच तो नव्याने सजवला गेला. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यात प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ टिकला. त्याच्या काही आठवडे आधी चीनमधल्या ‘ईस्ट’ने १,०६६ सेकंदांचा पल्ला गाठला होता. पूर्वी सेकंदांत मोजलं जायचं ते आता मिनिटांत मोजलं जातं.

आतापर्यंत बोललो ते विद्युतभारित कणांबद्दल. संमीलनाची ऐंशी टक्के ऊर्जा मात्र न्यूट्रॉन घेऊन जातो, आणि न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. चुंबकाचा पिंजरा त्याच्यासाठी नसल्यासारखाच. सेकंदाला सुमारे ५२,००० किलोमीटर वेगाने तो सरळ निघतो, टंगस्टनच्या फरशीतून पार होतो आणि मागच्या पोलादात शिरतो. वीज करायची ती त्याच्याच उष्णतेवर. पण वाटेत तो पोलादाच्या स्फटिकजालातल्या एखाद्या अणूला असा ठोकतो की कॅरमच्या पटावर स्ट्रायकरने फोडलेल्या सोंगट्यांसारखे एकामागून एक अणू आपापल्या जागेवरून उडतात. हे सगळं सेकंदाच्या एक लक्षकोट्यंशाच्या आसपास घडून संपतं. त्यानंतर जे होतं ते चकित करणारं आहे. उडालेले बहुतेक अणू जवळच्या रिकाम्या जागा शोधून पुन्हा बसतात. धातू स्वतःच स्वतःची जखम भरून काढतो. सगळ्या जखमा मात्र भरत नाहीत. काही अणू भलत्याच जागी अडकतात, काही जागा रिकाम्या राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने या उरलेल्या खोटी साचत जातात.

हे नुकसान मोजायचं माप फारच बोलकं आहे. पदार्थातला प्रत्येक अणू सरासरी किती वेळा आपल्या जागेवरून हलवला गेला, हा आकडा. ‘ईटर’च्या संपूर्ण आयुष्यात तो दोन-तीनच्या घरात राहील, कारण ते प्रयोगाचं यंत्र आहे. वीज देणाऱ्या केंद्रात मात्र आतल्या भिंतीसाठी तो वर्षाला दहाच्या आसपास जाऊ शकतो. पाच वर्षं टिकलेल्या पोलादाच्या तुकड्यात एकही अणू असा नसेल जो वारंवार आपल्या जागेवरून उखडला गेला नाही, आणि त्या तुकड्याने तरीही भार पेलत उभं राहायचं आहे. माणसाने आजवर कुठल्याही बांधकाम साहित्याकडून इतकं मागितलेलं नाही.

त्यातच हा न्यूट्रॉन विखंडनाच्या अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी तिखट. तिथे त्याची ऊर्जा सरासरी वीस लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, इथे १.४१ कोटी. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या केंद्रकातून हेलियमचा कण बाहेर काढू शकतो. हेलियम कुणाशीही संयोग पावत नाही आणि पोलादात विरघळत नाही. तो स्फटिकांच्या सीमांवर जमतो, तिथे सूक्ष्म बुडबुडे धरतो आणि पोलाद फुगतं, ठिसूळ होतं. यावर एक देखणा उपाय चाचणीत आहे. पोलादाच्या भुकटीत यट्रियम ऑक्साइडचे काही नॅनोमीटर आकाराचे असंख्य कण मिसळून ती घट्ट दाबायची. मग हेलियम सीमांकडे जाण्याऐवजी या कणांभोवतीच अडकून राहतो, तेही इतक्या बारीक बुडबुड्यांत की धातूला त्रास होऊ नये.

न्यूट्रॉनमुळे धातू किरणोत्सारीही होतो. कोणता धातू किती काळ तसा राहील, हे आपण निवडू शकतो, आणि संमीलनाच्या धातुशास्त्राचा नैतिक गाभा मला इथे दिसतो. नेहमीच्या उष्णतारोधक पोलादात निकेल, मॉलिब्डेनम, नायोबियम असतात. न्यूट्रॉन खाऊन नायोबियमचं जे समस्थानिक बनतं त्याचं अर्धायुष्य सुमारे वीस हजार वर्षं आहे. म्हणून नव्या पोलादात हे घटक काढून त्यांची कामं टंगस्टन, व्हॅनेडियम आणि टँटलम यांच्यावर सोपवली. अशा पोलादाची भिंत उतरवल्यावर साधारण शंभर वर्षांत तिचा किरणोत्सार इतका कमी व्हावा की ती पुन्हा हाताळता येईल, हा हेतू. त्यासाठी नायोबियमसारख्या अशुद्धी दहा लाखांत एखाद-दुसऱ्या भागापर्यंत खाली आणाव्या लागतात. युरोपने असं पोलाद बनवलं, जपानने बनवलं. भारतानेही बनवलं. कल्पाक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि हैदराबादची ‘मिधानी’ यांनी मिळून टंगस्टनची आणि टँटलमची वेगवेगळी प्रमाणं घेऊन वितळवण्या केल्या, प्रत्येकीची ताकद आणि ठिसूळपणा तपासला आणि १.४ टक्के टंगस्टन व ०.०६ टक्के टँटलम यावर मुक्काम केला.

गांधीनगरच्या या संस्थेबद्दल मराठी वाचकाला फारसं माहीत नसतं. १९८०च्या दशकात प्रेधिमन कॉ यांच्या पुढाकाराने ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एका कार्यक्रमातून वाढली. १९८९ साली तिथे ‘आदित्य’ हा देशात बांधलेला पहिला टोकामॅक सुरू झाला, पुढे अतिवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’ आला. डिसेंबर २००५ मध्ये भारत ‘ईटर’चा सातवा भागीदार बनला. ज्या प्रचंड निर्वात पात्रात ‘ईटर’ उभा राहतो आहे ते साधारण तीस मीटर उंच आणि तितकंच रुंद, ३,८५० टनांचं पोलादी क्रायोस्टॅट आहे. ते लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा इथल्या कारखान्यात तुकड्या-तुकड्यांत घडलं आणि समुद्रमार्गे फ्रान्सला गेलं. त्याच्या आत उणे २६९ अंशांना ठेवलेले चुंबक आणि पंधरा कोटी अंशांचा प्लाझ्मा यांच्यात काही मीटरचंच अंतर असेल. ज्ञात विश्वात इतक्या कमी अंतरात तापमानाचा इतका मोठा उतार दुसरीकडे कुठे असेल, मला सांगता येणार नाही. गंमत म्हणजे यातले काही चुंबक नायोबियम-कथिल या संयुगाचे आहेत. भिंतीतून हद्दपार झालेला नायोबियम, न्यूट्रॉन अडवणाऱ्या जाड आवरणांच्या मागे, चुंबकात मानाने बसला आहे.

आता ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा होत नाही. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून, मुख्यतः कॅनडात, थोडंथोडं मिळतं आणि नागरी वापरासाठी जगात उपलब्ध असलेला साठा पंचवीस-तीस किलोच्या आसपास मानला जातो. शंभर कोटी वॅट संमीलन-शक्तीचं केंद्र वर्षभर अखंड चाललं तर पंचावन्न किलोंहून जास्त ट्रिटियम लागेल. पहिल्याच केंद्राला जगाचा साठा पुरणार नाही. म्हणून भिंतीला शेवटचं आणि सर्वांत विलक्षण काम दिलं आहे. तिने इंधन तयार करायचं. पोलादाच्या पोटात लिथियम ठेवायचं. न्यूट्रॉन लिथियम-६च्या केंद्रकाला फोडतो तेव्हा त्यातून हेलियम आणि ट्रिटियम निघतं. पण हिशेब फार चोख आहे. एका संमीलनात एक ट्रिटियम जळतं आणि एकच न्यूट्रॉन मिळतो. त्यातले काही न्यूट्रॉन पोलादच गिळतं, काही फटींतून निसटतात. तूट भरून काढायला सोबत शिसं किंवा बेरिलियम ठेवावं लागतं. त्यांच्यावर एक वेगवान न्यूट्रॉन आदळला की दोन सावकाश न्यूट्रॉन बाहेर पडतात.

भारताने यासाठी मांडलेल्या रचनेत लिथियम टायटेनेटचे बारीक खडे आणि त्यांच्या भोवतीने वाहणारं वितळलेलं शिसं-लिथियम अशी जोडी आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे खडे बनवण्यावर काम झालं आहे. खडे सच्छिद्र हवेत, म्हणजे ट्रिटियम बाहेर निघेल, आणि तरी भक्कम हवेत, म्हणजे भुगा होणार नाही. वितळलेल्या धातूची तऱ्हा आणखी वेगळी. तो वीजवाहक असल्यामुळे प्रचंड चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्याच्यातच प्रवाह निर्माण होतात आणि तेच त्याला मागे खेचतात. ताऱ्याला धरून ठेवणारा चुंबक इथे नळातल्या शिशालाही धरून ठेवतो. नळाला आतून वीजरोधक अस्तर द्यावं, तर ते अस्तर तप्त शिशाने खाऊ नये आणि न्यूट्रॉनांनी फुटू नये, ही नवी अट येऊन उभी राहते.

‘ईटर’च्या सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तिथले प्रयोग २०३४ साली सुरू व्हायचे आहेत आणि ट्रिटियमसह प्लाझ्मा २०३९ साली. त्यातून ज्वलंत प्लाझ्मा समजेल, पण भिंतीच्या पोलादाचा पूर्ण निकाल लागणार नाही, कारण तेवढे न्यूट्रॉन तिथे पडणारच नाहीत. तिखट न्यूट्रॉनांचा पुरेसा दाट मारा करणारं साधन आज जगात कुठेही नाही. म्हणून स्पेनमध्ये ग्रानादाजवळ ‘इफमिफ-डोन्स’ उभारलं जात आहे. तिथे ड्युटेरियमच्या केंद्रकांचा झोत, सेकंदाला पंधरा मीटर वेगाने वाहणाऱ्या द्रवरूप लिथियमच्या पडद्यावर सोडला जाईल. पडदा फक्त अडीच सेंटीमीटर जाडीचा, आणि त्याच्या मागे संमीलनातल्यासारखे न्यूट्रॉन बाहेर पडतील. सर्वांत दाट मारा मिळणारी जागा अर्ध्या लिटरपेक्षाही लहान असल्यामुळे पोलादाचे नमुने काही मिलिमीटरांचे करावे लागले. एवढ्याशा तुकड्यांवर ताण, थकवा आणि तडा यांच्या चाचण्या कशा घ्यायच्या, यासाठी वेगळं तंत्र विकसित झालं. ते तुकडे तिथे महिनोन्‌महिने न्यूट्रॉन झेलतील, मग जाड काचेपलीकडून यांत्रिक हातांनी ओढून, वाकवून, तोडून पाहिले जातील. पहिल्या संमीलन-वीजकेंद्राची भिंत किती जाड ठेवायची आणि किती वर्षांनी बदलायची, हे त्या आकड्यांवरून ठरेल.